२९ अंशांतही ऊन लागतं: विलायतेत नव्याने आलेल्यांसाठी

‘आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ असतं, इथल्या तिशीचं काय घेऊन बसलात!’ इंग्लंडमध्ये दर जुलैत हे वाक्य कुणीतरी मला ऐकवतंच. पहिल्या उन्हाळ्यात मीही ते ऐटीत म्हणालो होतो. मग एका रविवारची क्रिकेट मॅच झाली आणि माझी ऐट उतरली.

त्या दिवशी पारा २९ होता. आमचा जलदगती गोलंदाज नागपूरचा, वय तिशीच्या आतलं, आदल्या सप्टेंबरात इथे आलेला. सर्दीतून नुकता उठला होता, रात्री झोपही धड झाली नव्हती, तरी सलग सात षटकं टाकली. षटक संपल्यावर तो भलत्याच बाजूला चालू लागला. कुणीतरी स्कोअर विचारला तर त्याने मागच्या आठवड्याच्या मॅचचा सांगितला. आम्ही हसलो! दोन मिनिटांनी तो झोकांड्या खात खाली बसला. अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या, म्हणून उष्माघाताचा विचारही आमच्या मनात आला नाही. समोरच्या संघात एक नर्स होती. ती ओरडतच धावत आली, मैदानाला पाणी घालायचा पाइप ओढून आणायला लावला, चहाच्या टेबलावरच्या चादरी भिजवायला लावल्या आणि कोल्ड्रिंकच्या पेटीतला सगळा बर्फ त्याच्या काखांत आणि जांघांत ठेवला. अँब्युलन्स येईपर्यंत तो स्वतःचं नाव सांगू लागला होता. पुढे दोन दिवस रुग्णालयात राहिला आणि बरा झाला.

त्या दिवशी जे कळलं आणि नंतर जे शिकलो, ते खाली क्रमाने लिहितो आहे. शिकायला आलेली मुलं, नोकरीसाठी आलेली जोडपी आणि ज्यांचे आई-बाबा उन्हाळ्यात तीन-चार महिन्यांसाठी येतात अशी घरं डोळ्यांसमोर आहेत.

आधी एक भ्रम काढून टाका

उन्हाची सवय रक्तात नसते. ती दर उन्हाळ्यात नव्याने कमवावी लागते. हळूहळू उन्हात राहिलं की एक-दोन आठवड्यांत शरीर बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पण ऊन सुटलं की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. हिटरच्या खोलीत सात महिने काढलेला वऱ्हाडी माणूस जूनमध्ये शेजारच्या इंग्रजाइतकाच कच्चा असतो. फरक एवढाच की इंग्रज घाबरतो आणि आपण घाबरत नाही.

दुसरं म्हणजे उष्णता फक्त सूर्याकडूनच येते असं नाही. पळताना किंवा ओझं उचलताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच उरतो. जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात ब्रिटिश सैन्याच्या निवड-चाचणीत पाठीवर वजन घेऊन चालणारे तीन राखीव सैनिक उष्माघाताने दगावले. धडधाकट, कसलेले तरुण होते, आणि दिवस आपल्या हिशेबाने साधा गरम होता. मॅरेथॉन, फुटबॉल, घर बदलताना तिसऱ्या मजल्यावर सोफा चढवणं, गोदामातली शिफ्ट, सायकलवरून डिलिव्हरी: यातलं काहीही करत असाल तर २५ अंशांपुढे स्वतःवर लक्ष ठेवा.

तिसरं कारण घर. इथली घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. छतावर पंखा नाही, खिडकीवर छज्जा नाही, एसी क्वचितच, आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकी चार बोटंच उघडते. असं घर दोन-तीन दिवस तापलं की रात्रीही निवत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे १५,००० माणसं गेली, त्यांत एकटे राहणारे म्हातारे फार होते. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात लाट आली तेव्हा ६१९ मृत्यू झाले, आणि त्यांतले जवळजवळ सगळे चार भिंतींच्या आत. इंग्लंडनेही १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश पाहिले आहेत. तेव्हा ‘उन्हात गेलोच नाही, मग ऊन कसं लागेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

पायरी १: थकवा आहे की आघात, हे ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

उन्हाचा थकवा म्हणजे डोकं दुखणं, घेरी येणं, मळमळ, उलटी, पायात गोळे, प्रचंड घाम, गार चिकट अंग, तहान, गळून जाणं. आपल्याकडे ‘ऊन बाधलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. इथल्या पुस्तकांत ‘चेहरा पांढरा पडतो’ किंवा ‘लाल होतो’ असं लिहिलेलं असतं, पण सावळ्या कातडीवर ते नीट दिसत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू बिघडायला लागलेला असतो. खरी खूण मेंदूची. माणूस बरळतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो, बटण लावता येत नाही, एकटक बघत बसतो, झटके येतात, शुद्ध हरपते. श्वास आणि नाडी जोरात चालतात.

मला उपयोगी पडलेली युक्ती अशी. तीन प्रश्न विचारा: आज वार कोणता? आपण कुठे आहोत? सकाळी काय खाल्लं? मग दहा पावलं सरळ रेषेत चालायला सांगा. उत्तरं चुकली किंवा पाऊल वाकडं पडलं तर तो उष्माघात समजून कामाला लागा. नंतर दुसरंच काही निघालं तरी थोड्या थंड पाण्याने फारसं बिघडणार नाही.

लोक दोन ठिकाणी हमखास फसतात. एक, ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी, तापलेली असू शकते. पण खेळताना-धावताना उष्माघात झालेला माणूस पुष्कळदा घामाने निथळत असतो, आमचा गोलंदाज होता तसा. दोन, थर्मामीटर. कपाळावर धरायची बंदूक किंवा कानातलं यंत्र अशा वेळी खरा आकडा बऱ्याचदा कमी दाखवतं. आकडा ३८ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. समोरच्याचं बोलणं ऐका.

मधुमेह्याची साखर उतरली किंवा पक्षाघाताचा झटका आला तरी माणूस असाच बरळतो. साखर मोजायचं यंत्र हाताशी असेल तर बघून घ्या, पण त्यासाठी फोन लांबवू नका.

पायरी २: शुद्ध शाबूत असेल तर अर्धा तास

माणूस नीट बोलतोय, फक्त गळालाय, असं असेल तर त्याला सावलीत किंवा गार खोलीत न्या. आडवं झोपवा, पाय उशीवर थोडे उंच. बूट, मोजे, जादा कपडे काढा. कातडी ओली करा आणि वारा घाला. मान आणि काखांत थंड पट्ट्या ठेवा. पाणी घोट-घोट द्या.

पाण्याबरोबर मीठ-साखरही हवी. औषधाच्या दुकानात ओआरएसच्या पुड्या मिळतात, इथे डायोरालाइट नावाने प्रसिद्ध आहेत. घरात कैरीचं पन्हं किंवा मीठ घातलेलं ताक असेल तर उत्तम. फक्त ‘अजून पी, अजून पी’ म्हणून लिटरच्या लिटर साधं पाणी पाजू नका. रक्तातलं मीठ खाली गेलं की त्यानेही माणूस बरळतो, आणि मग काय झालंय ते कुणालाच कळत नाही. बिअर अजिबात नको.

घड्याळ लावा. इथली आरोग्यसेवा एनएचएस सांगते ती मुदत ३० मिनिटांची. तेवढ्यात बरं वाटायला लागलं तर त्या दिवसापुरता आराम. बरं वाटलं नाही, किंवा मधेच उत्तरं चुकू लागली, तर थेट पुढची पायरी.

पायरी ३: फोन, आणि त्याच क्षणी पाणी

ब्रिटनमध्ये ९९९ लावा. युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा, कारण हात मोकळे हवेत. पहिल्या वाक्यातच ‘हीट स्ट्रोक’ आणि ‘कन्फ्यूज्ड’ किंवा ‘अनकॉन्शस’ हे शब्द आले पाहिजेत. ‘त्यांना जरा बरं वाटत नाहीये’ अशा भिडस्त सुरुवातीने मिनिटं जातात. मग पत्ता आणि पोस्टकोड.

यानंतर वाट बघत बसायचं नाही. क्रीडावैद्यकातले लोक सांगतात की आधी गार करा, मग हलवा. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं नुकसान किती होईल हे आतलं तापमान किती वेळ चढलेलं राहिलं यावर ठरतं, आणि तो वेळ बहुतांशी तुमच्या हातात असतो. गाडीत घालून रुग्णालयाकडे पळवणं ही आपली सहज प्रवृत्ती. इथे ती उलटते, कारण वाहतुकीतली वीस मिनिटं तो आतून तापतच राहतो.

पायरी ४: गार कसं करायचं

तरुण, धडधाकट माणूस कष्टाने किंवा खेळताना कोसळला असेल तर सगळ्यात भारी उपाय म्हणजे गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवणं. घरचा बाथटब, लहान मुलांचा फुगवायचा पूल, काहीही चालेल. असेल तेवढा बर्फ टाका आणि पाणी हाताने ढवळत राहा, नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होऊन बसतं. एकाने मागून काखेत हात घालून धरून ठेवायचं. डोकं पाण्याबाहेर राहिलंच पाहिजे आणि क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

‘बर्फाच्या पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते’ असं पुष्कळ जण सांगतील, त्यांत शिकलेली माणसंही असतील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फाल्मथ गावात दर ऑगस्टला सात मैलांची शर्यत होते. तिथे उष्माघाताने पडलेल्या धावपटूंना शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात. अठरा वर्षांत अशा २७४ जणांवर उपचार झाले आणि सगळे जगले. १९७८ मध्ये याच शर्यतीत अल्बर्टो सालाझार कोसळला होता. पाद्र्याने त्याच्यासाठी अंतिम प्रार्थनाही म्हटली, पण बर्फाच्या टबाने तो वाचला आणि १९८० साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला.

टब नसेल तर शॉवर किंवा बागेतला पाइप. तोही नसेल तर ताडपत्री घ्या, माणूस तिच्यावर ठेवा, चार जणांनी कडा उचलून धरा, आत पाणी आणि बर्फ ओता आणि झोळीसारखं हलवत राहा. मैदानावर हा उपाय झकास चालतो. तेही नसेल तर चादरी बर्फाच्या पाण्यात बुचकळून अंगभर लपेटा आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला. एकदा घातलेली चादर तशीच राहू दिली तर ती काही वेळात गरम पांघरूण होते. काखा, मान आणि जांघांत बर्फ ठेवाच, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका.

म्हातारं माणूस घरात सापडलं तर त्याला टबात उचलून ठेवायला जाऊ नका. एकट्याला ते पेलत नाही, आणि हृदयाचा त्रास असलेल्याला बर्फाचा एकदम धक्का नको. कपडे सैल करा किंवा काढा. ही वेळ लाजेची नव्हे, वर पातळ ओली चादर पुरते. अंगभर गार पाणी शिंपडत राहा आणि जोरात वारा घाला. टेबल फॅन असेल तर तो, नाहीतर जेवणाचं ताट हलवा. खोली ३५ अंशांच्या वर तापली असेल तर कोरड्या अंगावर नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओलं हवं.

थांबायचं कधी? माणूस भानावर येऊन नीट बोलू लागला आणि थंडीने कुडकुडायला लागला की पाण्यातून काढा, कोरडं करा, सावलीत झोपवा. तोपर्यंत थांबू नका.

पायरी ५: हे करू नका

शुद्ध नसलेल्या किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे माणूस पडला की पहिली हाक ‘पाणी आणा’ अशी असते. पाणी आणाच, पण ते अंगावर ओता. घशात ओतलं तर श्वासनलिकेत जाईल. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा, फोनवरची व्यक्ती कसं ते सांगते.

पॅरासिटामॉल किंवा क्रोसिन देऊ नका. तापात मेंदू स्वतःच तापमानाचा काटा वर सरकवतो आणि गोळी तो खाली आणते. उष्माघातात काटा जागेवरच असतो, उष्णता बाहेर जात नाही एवढंच. गोळीचा फायदा शून्य, आणि आधीच ताणलेल्या यकृतावर आणखी भार.

आणि कांदा. आमच्या भागात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतात, तळपायाला किसून चोळतात. आजीने माझ्याही चोळला आहे आणि त्या वासासकट ती दुपार मला आठवते. जेवताना कच्चा कांदा जरूर खा. पण बरळणाऱ्या माणसापुढे किसणी घेऊन बसू नका.

पायरी ६: बरा दिसला तरी रुग्णालय

‘आता ठीक वाटतंय, अँब्युलन्स परत पाठवू या’ हा मोह होतोच. पाठवू नका. यकृताला आणि स्नायूंना झालेली इजा एक-दोन दिवसांनी रक्त-तपासणीत दिसते. स्नायू विरघळून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर ती त्याचीच खूण. पुढचे काही आठवडे खेळ बंद, आणि परत सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

आई-बाबा येणार असतील तर

खरी काळजी यांचीच. मुलगा-सून कामावर जातात आणि हे दिवसभर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे. वय झालं की तहान लागत नाही. त्यात गोळ्या. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी शरीरातलं पाणी घालवते. बीटा-ब्लॉकरने, म्हणजे नाडी संथ ठेवणाऱ्या रक्तदाब-हृदयाच्या गोळीने, हृदय हवं तितकं वेगाने धावत नाही. मानसिक आजारांवरची काही औषधं आणि जुन्या धाटणीच्या ॲलर्जीच्या गोळ्या घाम अडवतात. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण निघण्याआधी भारतातल्या डॉक्टरांना ‘तिकडे उष्णतेची लाट आली तर डोस काय ठेवायचा’ एवढं विचारून, लिहून घ्या. इन्सुलिन खिडकीजवळ ठेवू नका.

दुपारी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून बसायचं हे विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रज मात्र गरम झालं की भर दुपारी सगळ्या खिडक्या उघडतो आणि बाहेरचा झोत घरात घेतो. या बाबतीत आपली आजीच बरोबर. सकाळी बाहेरची हवा तापायला लागली की बंद करा, रात्री गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. उन्हाच्या बाजूच्या काचेवर बाहेरून काही लावता आलं, अगदी जुनी पांढरी चादर टांगली तरी, आतल्या पडद्यापेक्षा ते जास्त काम करतं. घर फारच तापलं तर दुपारचे दोन-तीन तास वाचनालयात किंवा सुपरमार्केटमध्ये काढा. वाचनालयात बसायला पैसे पडत नाहीत आणि कुणी उठवतही नाही.

इंग्लंडमध्ये १ जून ते ३० सप्टेंबर या काळात आरोग्य सुरक्षा संस्था हवामान खात्याच्या मदतीने उष्णतेचे इशारे देते: पिवळा, अंबर (नारिंगी) आणि लाल. पिवळा लागला की आई-बाबांना दुपारी दोनदा फोन करा. ‘कसे आहात?’ एवढं विचारू नका, उत्तर ‘मजेत’ असंच येतं. सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, रंग कसा होता, जेवणात काय केलंत, हे विचारा. नेहमी भरभरून बोलणारी आई तुटक बोलू लागली किंवा बाबा तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगू लागले, तर शेजाऱ्याला दार वाजवायला सांगा. त्यासाठी शेजाऱ्याचा नंबर आधी घेतलेला हवा. इथे आपण वर्षभर शेजाऱ्याशी ‘हॅलो’पलीकडे जात नाही, म्हणून जूनमध्ये शंकरपाळ्यांचा डबा घेऊन जा आणि नंबर घेऊन या.

फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा: ९९९, घराचा पूर्ण पत्ता, पोस्टकोड, इमारतीच्या दाराचा कोड, गोळ्यांची नावं आणि शेजाऱ्याचा नंबर. इंग्रजी बोलताना अडत असतील तर फोनवर ‘अँब्युलन्स, मराठी’ एवढं म्हणायला शिकवा, दुभाष्या जोडून देण्याची सोय असते. एकदा खोटा-खोटा फोन करायला लावून सराव घ्या. माझ्या सासूबाईंनी सरावात पत्ता सांगितला तो पुण्याचा, म्हणून कागद आता फोनच्या उंचीवर लावला आहे.